ओटीजीत ठेवलेला साबण फुगतो, तडकतो, तेल सोडतो: दोष कुठे शोधायचा

साच्यात ओतताना मिश्रण अगदी छान दिसत होतं. साचा ओटीजीत, म्हणजे घरातल्या विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये ठेवला, तासाभराने दार उघडलं तर मधोमध पावासारखी भेग पडलेली. पुढच्या वेळी तापमान कमी केलं, तर कापल्यावर आत गडद लंबगोल आणि बाजूला फिकट कड. तिसऱ्या वेळी वेळ वाढवली, तर वरती तेलाचं थारोळं. बटण मागेपुढे करत राहिलं की एक दोष जाऊन दुसरा येतो, कारण या तिन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच चुकीची समजूत असते: ओव्हन साबण भाजतो.

तसं नसतं. कॉस्टिक (पाण्यात विरघळवलेला कॉस्टिक सोडा) आणि तेल एकत्र आले की साबण होण्याची जी क्रिया सुरू होते तीच उष्णता सोडते. ४० अंशांना साच्यात ओतलेलं मिश्रण, बाहेरून काहीही न देता, मध्यभागी ७० ते ८० अंशांपर्यंत चढू शकतं. त्या टप्प्यावर साबण अर्धपारदर्शक होतो. कुरडयांचा चीक शिजत आला की दुधी रंग जाऊन काचेसारखा दिसायला लागतो ना, अगदी तसा. यालाच जेल होणं म्हणतात. जेल झालेला साबण लवकर घट्ट होतो, त्याचा रंग खुलतो आणि वर पांढरी भुकटी सहसा धरत नाही. मधला भाग सहसा स्वतःच्या उष्णतेनेच जेल होतो. थंड पडतात त्या कडा आणि कोपरे. ओव्हनने करायचं ते एवढंच की कडांची उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही. मधला भाग आधीच ७५ अंशांवर असताना बाहेरून १०० अंश दिले, तर त्याने फुगण्यावाचून दुसरं काय करायचं?

म्हणून केकसारखं 'अमुक अंश, तमुक मिनिटं' हे गणित इथे लागू पडत नाही. ओव्हन आधी तापवायचा, साचा ठेवायचा, ओव्हन बंद करायचा आणि १२ तास दार उघडायचं नाही. बाकी सगळी दुरुस्ती या एका वाक्याच्या आजूबाजूची आहे.

बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान

आपल्याकडच्या बऱ्याच ओटीजींवर पहिला आकडा १०० असतो आणि आपल्याला हवेत ७०. शिवाय आतला थर्मोस्टॅट तापणारी कांडी चालू-बंद करत असतो. कांडी बंद झाल्यावरही तापलेली असतेच, त्यामुळे आतलं तापमान आकड्याच्या बरंच वर जाऊन मग खाली येतं. लहान ओटीजीत हा झोका जास्त जाणवतो, कारण साच्यापासून कांडी चार बोटांवर असते.

ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मिळतो, तो साच्याच्या उंचीवर जाळीला टांगा. तो नसेल तर स्टीलच्या वाटीत अर्धी वाटी तेल घेऊन मधल्या जाळीवर ठेवा आणि २० मिनिटांनी स्वयंपाकाचा थर्मामीटर त्यात बुडवा. हवेचं तापमान क्षणाक्षणाला बदलतं, तेलाचं तसं बदलत नाही, त्यामुळे सरासरीचा बऱ्यापैकी अंदाज येतो. तेही नसेल तर मधमाशीच्या मेणाचा हरभऱ्याएवढा तुकडा वाटीत ठेवा. हे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. वितळलं म्हणजे तिथवर पोचलो, हे नक्की. किती पुढे गेलो ते मात्र मेण सांगणार नाही.

लहान ओटीजीचा दुसरा त्रास उलटा. पत्रा पातळ असल्याने बंद केल्यावर तो भराभर थंड होतो. म्हणून तापवताना सगळ्यात खालच्या जाळीवर एक जाड लोखंडी तवा ठेवून द्या आणि त्यावर स्टीलचं ताट. तवा उष्णता धरून ठेवतो, ताट कांडीची थेट धग अडवतं आणि साबण उतू गेलाच तर तो ताटात पडतो. वरची कांडी बंदच ठेवा. वरून धग लागली की साबणाची वरची कातडी आधी आवळते आणि आतला भाग फुगून तिला फाडतो. ओटीजीवर चादर-टॉवेल पांघरण्याचा मोह टाळा.

क्रम असा: फक्त खालची कांडी, बटण १०० वर, ७ ते १० मिनिटं. थर्मामीटर ७५ दाखवू लागला की बंद. दोन मिनिटं दार किलकिलं ठेवून आकडा ७० वर आला की साचा आत. अर्ध्या तासाने काचेतून पाहा. मध्यभाग गडद, ओलसर दिसायला लागला असेल तर काहीही करू नका. अजून फिकटच असेल आणि आतलं तापमान ५० च्या खाली गेलं असेल, तर खालची कांडी दोन मिनिटं चालू करून पुन्हा बंद. मध्यभाग एकदा जेल व्हायला लागला की त्यानंतर बाहेरून उष्णता द्यायची नाही.

मधेच वीज गेली तर बिघडत काही नाही. ओव्हन तसाही बंदच असायला हवा होता.

कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह वापरत असाल तर फक्त कन्व्हेक्शनवर तापवायचा. काहींमध्ये पीठ आंबवण्यासाठी ४० अंशांचा टप्पा असतो; तो साबणाला थोडा कमी पडतो, पण मिश्रणात खोबरेल भरपूर असेल तर चालून जातो. मायक्रोवेव्हच्या लहरींवर साचा कधीही ठेवू नका. आत कुठे किती तापेल याचा नेम नसतो, आणि कॉस्टिक असलेलं मिश्रण उसळून दारावर आलं तर ते पुसत बसणं ही गंमत नाही.

साचा कशाचा आहे ते आधी बघा

घरातला केकचा टिन बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. साबण फेसाळला, तळाशी करडा-काळा झाला, टिनला खड्डे पडले, असं दिसलं तर तापमानाचा विचारच सोडा. दोष भांड्याचा आहे. हिंडालियमची कढई, ॲल्युमिनियमचं पातेलं, वर झाकलेली फॉइल, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, तांब्या-पितळेची भांडी, सगळं बाद. दुधाच्या आणि फळांच्या रसाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना आतून ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. कापलेल्या कडेला तो उघडा पडतो, म्हणून तीही नकोत. पेटच्या बाटल्या ७० अंशांच्या आसपास मऊ पडून आकार सोडतात.

चालतं ते स्टेनलेस स्टील, सिलिकॉन, आणि आतून बटर पेपर लावलेली साध्या, पॉलिश न केलेल्या लाकडाची पेटी. स्टीलच्या साच्यालाही बटर पेपर लावा, नाहीतर वडी निघता निघत नाही.

तपासणीसाठी एक पक्कं माप

दर वेळी नवी तेलं, नवा सुगंध, नवं तापमान असं केलं तर दोष कधीच सापडत नाही. एकदा साधं, सुगंध-रंग न घातलेलं माप करून बघा:

खोबरेल १७५ ग्रॅम, रिफाइंड शेंगदाणा तेल २०० ग्रॅम, कोकम तेल (कोकमाच्या बियांचं घट्ट, पांढरं) १०० ग्रॅम, एरंडेल २५ ग्रॅम. एकूण ५०० ग्रॅम. कॉस्टिक सोडा ७२ ग्रॅम, पाणी १४४ ग्रॅम. यात सुमारे ५ टक्के तेल साबण न होता शिल्लक राहतं. साधारण पाऊण लिटरचा साचा लागतो.

७२ कुठून आले तेही पाहू, म्हणजे तेल बदलल्यावर अडणार नाही. एक ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो, शेंगदाण्याला ०.१३७, कोकमाला ०.१३५, एरंडेलाला ०.१२८. गुणाकारांची बेरीज ७६.१ येते, त्यातून ५ टक्के वजा केले की ७२.३. खोबरेलाचा आकडा इतरांच्या मानाने केवढा मोठा आहे बघा. 'खोबरेल संपलं म्हणून तेवढंच शेंगतेल घातलं' असं केलं की १७५ ग्रॅममागे आठ ग्रॅम कॉस्टिक जास्त होतो, आणि पाच टक्क्यांची सवलत त्याला पुरत नाही. उलट केलं तर तेवढाच कमी पडून वडी तेलकट आणि लिबलिबीत राहते.

हे आकडे शुद्ध कॉस्टिकचे आहेत. पाकिटावर ९७ टक्के लिहिलं असेल तर ७२ ऐवजी ७४ ग्रॅम घ्या. बरणीचं झाकण सैल राहिलं असेल, पापड्या एकमेकींना चिकटून ढेकूळ झालं असेल, तर त्याने हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलाय. काट्यावर ७२ दिसेल, पण कामाचा कॉस्टिक त्याहून कमी. पावसाळ्यात 'हेच माप उन्हाळ्यात जमत होतं' या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा या बरणीत असतं. आणि नाल्या मोकळ्या करायची पावडर कॉस्टिक म्हणून वापरू नका. काहींमध्ये ॲल्युमिनियमचे कण किंवा इतर भेसळ असते.

सगळं वजनावर, पाणीसुद्धा. वाटी-चमच्याचं माप साबणात चालत नाही. १०० ग्रॅम तेलाचा छोटा घाणा करून पाहू असं वाटतं, पण तिथे कॉस्टिक जेमतेम १४-१५ ग्रॅम असतो आणि एका ग्रॅमची चूक म्हणजे सहा-सात टक्के. एक ग्रॅमपर्यंतच दाखवणारा काटा असेल तर ५०० ग्रॅमच्या खाली जाऊ नका.

कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. गॉगल, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, खिडकी उघडी, मुलं आणि मांजर दुसऱ्या खोलीत. पाणी बघता बघता ८०-९० अंशांपर्यंत तापतं आणि उग्र वाफ येते, ती हुंगायची नाही. अंगावर शिंतोडा उडाला तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवायचं. कातडीवर व्हिनेगर ओतत बसायचं नाही. डोळ्यात गेलं तर १५-२० मिनिटं पाण्याने धुऊन लगेच दवाखाना. आणि साबण आत असताना त्या ओव्हनमध्ये खाण्याचं काही ठेवायचं नाही.

फुगला, तडकला, उतू गेला

ओव्हन जास्त तापला होता हे पहिलं कारण. दुसरं, मिश्रणात साखर होती. मध, गूळ, दूध, नारळाचं दूध, ताक, फळांचा गर: या सगळ्यांतली साखर साबणाला आणखी तापवते. असा साबण ओव्हनमध्ये ठेवूच नये. उलट तो उघड्यावर, पंख्याखाली, गरज पडली तर फ्रीजमध्ये ठेवावा. बकरीच्या दुधाचा साबण ओव्हनमध्ये गेला की तपकिरी होतो आणि त्याला करपल्या दुधाचा वास येतो. तिसरं कारण लवंग किंवा दालचिनीचं तेल. ही दोन्ही मिश्रण झटकन घट्ट करतात आणि तापवतातही.

चौथं पाणी. पाणी जितकं जास्त तितका साबण कमी तापमानाला जेल होतो आणि जेल झाल्यावर तितकाच जास्त फुगतो. कॉस्टिकच्या दुप्पट पाणी हे ओव्हनसाठी सोयीचं माप आहे. तिप्पट घेतलं असेल तर आधी ते कमी करा, मग बटणाला हात लावा.

भेग पडताना दिसली तर दार उघडा आणि तवा बाहेर काढा. हातमोजे घालून, बटर पेपर वर ठेवून, उलथन्याने भेगेच्या कडा हलक्या दाबा. साबण मऊ असतो तोवर भेग मिटते. वडीला अपाय काही नसतो, दिसायला तेवढी वाईट. कडेवरून वर यायला लागला असेल तर लाकडी काठीने मधे ढवळून हवा मोकळी करा. चेहरा लांब ठेवून.

सिलिकॉनच्या साच्यात याच अतितापाची सौम्य खूण दिसते: वडीच्या बाजूंना घामोळं आल्यासारखे बारीक फोड. साच्याचा दोष वाटतो, पण तोच साचा बाहेर ठेवला तर फोड येत नाहीत. पाणी थोडं कमी करा, ६० अंशांवरच साचा आत ठेवा किंवा आतून बटर पेपर लावा. आलेले फोड बटाटे सोलायच्या सालकाढ्याने सहज निघतात.

आत गडद गोल, बाहेर फिकट कड

हे अर्धवट जेल. गुणात फरक नाही, नुसत्या रंगाचा प्रश्न. ओव्हन लवकर थंड झाला, दार सारखं उघडलं, किंवा साचा फार अरुंद आहे. एकेका वडीचे छोटे साचे असतील तर त्यांची स्वतःची उष्णता टिकतच नाही. ते सगळे एकमेकांना चिकटवून एकाच ताटात ठेवा. ज्यांना ओव्हनचा व्याप नको त्यांनी सरळ जेल टाळावं, साचा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा. तोही साबण उत्तम होतो, फक्त चार दिवस जास्त मऊ राहतो. हा दोष इतका घाबरण्यासारखा नाही.

वरती तेल साचलं

घाबरायचं झालं तर इथे, पण तेही एक दिवस थांबून. अतितापाने घाम फुटल्यासारखं वर आलेलं तेल साबण थंड होताना बहुतेक वेळा परत शोषून घेतो. म्हणून ते टिश्यूने टिपू नका. टिपलं की तुम्ही मापातलं तेल काढून घेतलंत आणि उरलेल्या भागात कॉस्टिक जास्त झाला. २४ तास तसंच ठेवा.

दुसऱ्या दिवशीही तेल असेल, खालचा भाग ठिसूळ असेल किंवा तळाशी पाण्यासारखा द्रव दिसत असेल, तर मिश्रण फुटलंय. तो द्रव म्हणजे जवळपास शुद्ध कॉस्टिकचं पाणी. उघड्या हाताने शिवायचं नाही.

फुटण्याचं नेहमीचं कारण फसवा ट्रेस. ट्रेस म्हणजे ब्लेंडर उचलल्यावर पडलेल्या धारेची रेघ मिश्रणावर क्षणभर टिकणं, साधारण कढीच्या दाटपणापासून श्रीखंडाच्या अलीकडे. कोकम तेल ४० अंशांच्या आसपास वितळतं. तेलं ३२ अंशांवर असताना थंड कॉस्टिकचं पाणी ओतलं, तर कोकम तेल गोठून मिश्रण दाट दिसतं. साबण झालेलाच नसतो, नुसतं तूप थिजावं तसं थिजलेलं असतं. हे ओव्हनमध्ये गेलं की कोकम पुन्हा वितळतं आणि तेल-पाणी आपापल्या वाटेने जातं. दोष ओव्हनच्या नावावर लागतो.

ओळखायचं कसं? भांडं बाहेरून गरम पाण्यात धरून ब्लेंडर पुन्हा फिरवा. खरा ट्रेस असेल तर आणखी दाट होईल. फसवा असेल तर पातळ पडेल. ब्लेंडरच्या दांड्यावर तेलाच्या चकाकत्या रेघा ओघळताना दिसल्या तरी मिसळ पूर्ण झालेली नाही. कोकम, आंब्याच्या कोयीचं बटर, पाम असं काही घट्ट असेल तेव्हा तेलं आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही ४०-४५ अंशांना ठेवा. हिवाळ्यात नाशिक-पुण्याकडे पहाटे ओट्यावरच १२-१४ अंश असतात. स्टीलचं भांडंही आधी गरम पाण्याने विसळून पुसून घ्या.

झिणझिण्यांची चाचणी

पीएचच्या कागदावर फार विसंबू नका. चांगला मुरलेला साबणही ९ ते १०.५ दाखवतो, आणि कोरड्या वडीवर दाबलेला कागद काहीही सांगतो. ओलं बोट वडीवर चोळून जिभेच्या टोकाला अलगद टेकवा. साबणाची चव लागली तर ठीक. चौकोनी ९ व्होल्टच्या सेलला जीभ लावल्यासारखी झिणझिणी आली तर मोकळा कॉस्टिक शिल्लक आहे. लगेच चूळ भरा. वडीतून द्रव झिरपत असेल किंवा आत पांढरे कडक खडे दिसत असतील तर चाचणीची गरजच नाही. ते कॉस्टिकचे कप्पे आहेत, जिभेला लावू नका.

वरच्या पृष्ठभागावरची पिठासारखी पांढरी भुकटी मात्र वेगळी. ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने झालेला धुण्याचा सोडा. वाफेवर धरलं की जाते.

फुटलेला साबण ओव्हनमध्येच परत शिजवणे

इथे मात्र ओव्हन खरोखर शिजवतो, आणि वाया जाणारा जवळजवळ सगळा माल वाचतो.

हातमोजे-गॉगल घालून साच्यातलं सगळं, वरचं तेल आणि खालचा द्रव यांच्यासकट, मोठ्या स्टीलच्या पातेल्यात काढा. घट्ट भाग असेल तर स्टीलच्या किसणीने किसा. ती किसणी परत स्वयंपाकघरात नेऊ नका. पातेलं मालाच्या किमान तिप्पट मोठं असावं, कारण साबण एकदा हमखास वर येतो. वरच्या मापाला ५० ग्रॅम पाणी शिंपडा, स्टीलचं झाकण घाला, ओव्हन ९०-१०० अंशांवर ठेवा. दर २० मिनिटांनी बाहेर काढून स्टीलच्या किंवा सिलिकॉनच्या डावाने तळापासून हलवा. आधी ढेकळं, मग फाटलेल्या दुधासारखं, मग कडेने काचेसारखं, आणि तास-दीड तासात सगळा गोळा शिजलेल्या चिकासारखा एकजीव होतो.

थोडासा काढून गार करा आणि झिणझिण्यांची चाचणी घ्या. अजून झिणझिणत असेल तर मूळ मापातच कॉस्टिक जास्त पडला होता. १ ग्रॅम जास्तीच्या कॉस्टिकला सुमारे ७ ग्रॅम शेंगतेल लागतं. चूक किती ते ठाऊक नसेल तर २० ग्रॅम तेल घाला, अर्धा तास शिजवा, पुन्हा चाचणी. गोळा तेलकटच राहिला आणि झिणझिणी अजिबात नसेल, तर कॉस्टिक कमी पडलाय. किती, हे खात्रीने ठाऊक असेल तरच दुप्पट पाण्यात विरघळवून घाला. अंदाजाने कॉस्टिक घालायचा नाही.

शिजलेला गोळा साच्यात चमच्याने दाबून भरा आणि साचा ओट्यावर चार-पाच वेळा आपटा, नाहीतर आत पोकळ्या राहतात. वडी खडबडीत, गावठी दिसते. वापरायला कुठे कमी नसते.

कापताना भुगा होतो

बारा-सोळा तासांनी ओव्हनमधला साबण कापण्याजोगा होतो. वरच्या मापाला २४ तासांपर्यंत मुभा आहे. खोबरेल ७०-८० टक्क्यांच्या वर असेल तर सहा-आठ तासांतच, किंचित कोमट असताना कापा. दुसऱ्या दिवसापर्यंत तो दगड होतो आणि सुरीखाली तुकडे उडतात. वेळेवर कापूनही भुगा होत असेल तर वर सांगितलेली चाचणी घ्या, कॉस्टिक जास्त असण्याची शक्यता मोठी.

उटण्याचा साबण करताना ५०० ग्रॅम तेलाला एक मोठा चमचा, वस्त्रगाळ. भरड उटणं अंगाला ओरखडे काढतं, आणि दोन-तीन चमचे घातलं की वडी कोरडी पडून तुटते. त्यात हळद असेल तर कॉस्टिक लागताच मिश्रण लालभडक होईल. ते बिघडलेलं नाही. हळदीला चुन्याची निवळी लावली की कुंकवाचा रंग चढतो, तीच किमया. मुरताना तो रंग विटकरी, पुढे मोहरीसारखा होतो आणि उजेडात फिका पडतो. गुलाबाच्या पाकळ्या साबणाच्या आत घालू नका, काळ्या पडतात.

ओव्हनमधून काढला की वापरायला तयार?

नाही. क्रिया पूर्ण झालेली असते, हे खरं. पण वरच्या ७१६ ग्रॅमच्या घाण्यात १४४ ग्रॅम पाणी आहे, ते कुठे गेलं? बहुतेक सगळं वडीतच आहे. अशी वडी मोरीत आठवडाभरात विरघळून जाते, आणि मग 'घरचा साबण टिकत नाही' असं आपणच म्हणतो. चार ते सहा आठवडे मुरू द्या. एका वडीवर तारीख आणि वजन लिहून दर आठवड्याला तोला. १०० ग्रॅमच्या वडीचं वजन आठवड्याला ग्रॅमभरही उतरेनासं झालं की ती तयार. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी करायची असेल तर अनंत चतुर्दशीच्या आत घाणा ओतलेला बरा. तिथून नरक चतुर्दशी सुमारे दीड महिन्यावर येते, सहा आठवडे बरोबर बसतात.

पण हा मुहूर्त नेमका ओल्या हवेत येतो. साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि वड्यांवर दवासारखे थेंब जमतात, कोकणात तर हमखास. वड्या पुसत बसू नका, त्याने त्या बुळबुळीत होतात. सुपात किंवा वेताच्या रोळीत, एकमेकींना न चिकटतील अशा उभ्या ठेवून पंख्याची हलकी हवा द्या आणि आठवड्याने उलटा. लोखंडी मांडणीवर किंवा लोखंडी कपाटात ठेवू नका: लोखंडाच्या संपर्काने तेल लवकर खवट होतं आणि वडीवर नारिंगी ठिपके उठतात. जुनं, आधीच वास लागलेलं तेल किंवा तळणीतून उरलेलं तेल वापरलं तरी तेच ठिपके येतात, आणि त्यावर ओव्हनचं कुठलंही तापमान उपाय नाही.

बोअरच्या जड पाण्यात फेस येत नसेल आणि बादलीला पांढरा थर धरत असेल, तर पुढच्या घाण्यात ५०० ग्रॅम तेलाला १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पाण्यात आधी विरघळवा आणि त्यासाठी कॉस्टिक ६ ग्रॅम वाढवा. हे वाढवायचं विसरलं तर आम्ल तेवढा कॉस्टिक खाऊन टाकतं, वडी तेलकट राहते आणि आपण पुन्हा ओटीजीचं बटण फिरवायला लागतो.